जुने आउटबोर्ड मशीन : ठिणगी आहे, पण ती वेळेवर पडते का?

कर्लीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमाजवळ आमची फायबरची होडी असते. तिच्यावर २५ हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन बसवलेले आहे. मशीन १९९०च्या आसपासचे असून आम्ही ते जुनेच विकत घेतले. त्याला बॅटरी नाही. ते दोरी ओढून सुरू करावे लागते आणि फ्लायव्हीलखालच्या (क्रँकशाफ्टवरच्या जड चाकाखालच्या) कॉइलमधून मिळणाऱ्या विजेवर त्याचे सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठिणगी पाडणारी यंत्रणा, चालते.

त्रास मे महिन्याच्या अखेरीस जाणवू लागला होता. पावसाळ्यात मशीन उतरवून पडवीत ठेवले आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा चढवले, तेव्हापासून तो रोजचा झाला आहे. दोरी ओढताना मशीन अधूनमधून उलटा झटका देते आणि मूठ हातातून हिसकली जाते. सुरू झाल्यावर खाडीत सावकाश चालताना ते बरे वाटते, पण अर्ध्याहून अधिक थ्रॉटल दिला की आवाज कडक होतो, नॉकिंग (आत ठोकल्यासारखा आवाज) ऐकू येते आणि वेग वाढण्याऐवजी मशीन दबते. शिवाय चांगले तापले की खालचा सिलिंडर काम करेनासा होतो. मशीन निवल्यावर तोच सिलिंडर पुन्हा चालू लागतो.

पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचे नवे प्लग घातले आहेत. कार्बुरेटर खोलून साफ केला आहे, टाकीत ताजे पेट्रोल आणि ५० भागांस १ भाग या प्रमाणात ऑइल आहे, आणि दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे भरते. टायमिंग लाइट (ठिणगी पडताच चमकणारा दिवा) लावून पाहिली तर फ्लायव्हीलवरची खूण पुस्तिकेतल्या अंशावर बरोबर दिसते. एका मेकॅनिकने सीडीआयचा डबा बदलण्यास सांगितले आहे, परंतु तो महाग आहे आणि विजेचे सुटे भाग एकदा घेतले की दुकानदार परत घेत नाहीत. डबा घेण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर

आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे विचार करणे सोपे झाले. डबा विकत घेण्याची घाई करू नका.

जुन्या मशीनच्या इग्निशनबाबत दोन प्रश्न असतात आणि ते शेवटपर्यंत वेगळे ठेवावे लागतात. ठिणगी पुरेशी जोरकस पडते का, हा एक. आणि पिस्टन योग्य जागी असताना ती पडते का, हा दुसरा. उलटा झटका, वरच्या वेगातील नॉकिंग आणि मशीनचे दबणे ही वेळ चुकल्याची लक्षणे आहेत. तापल्यावर एकच सिलिंडर बंद पडणे हे त्या सिलिंडरची ठिणगीच नाहीशी झाल्याचे लक्षण आहे. या दोन्हींना एकच कारण असेल असे गृहीत धरून डबा बदलला, तर पैसे खर्च होऊनही निम्मा त्रास कायम राहण्याची शक्यता मोठी आहे.

तुमच्या मशीनमध्ये काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. फ्लायव्हीलच्या आत चुंबक बसवलेले असतात. ते चार्जिंग कॉइलवरून फिरले की तिच्यात साधारण दोनशे ते तीनशे व्होल्टची वीज तयार होते आणि ती डब्यातल्या कपॅसिटरमध्ये साठते. दुसरी छोटी कॉइल, जिला आपण पल्सर म्हणतो, तिच्यावरून चुंबक गेला की डब्यातला थायरिस्टर (विजेवर चालणारा स्विच) उघडतो आणि साठलेली वीज एका क्षणात इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. तिथून हजारो व्होल्टचा दाब प्लगपर्यंत पोचतो. म्हणजे वीज पुरवणारी कॉइल एक आणि वेळ ठरवणारी कॉइल दुसरी. स्टॉपचे बटण दाबले की चार्जिंग कॉइलची वीज डब्यात साठण्याऐवजी थेट अर्थला (मशीनच्या धातूच्या अंगाला) जाते आणि मशीन थांबते.

त्यामुळे पहिली तपासणी फुकटची आहे. स्टॉप बटणाची तार डब्यापाशी तात्पुरती सोडवा आणि मशीन चालवून पाहा. खाऱ्या हवेत ते बटण आणि त्याची सुरक्षा-दोरीची क्लिप आतून गंजते आणि अर्धवट अर्थ होऊ लागते. तार सोडवल्यावर बटणाने मशीन थांबणार नाही, म्हणून चोक ओढून किंवा इंधनाची नळी काढून ते थांबवण्याची तयारी आधीच ठेवा.

दुसरी तपासणी ठिणगीच्या जोराची. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवायचा आणि निळी ठिणगी पाहून समाधान मानायचे, ही पद्धत अपुरी आहे. मोकळ्या हवेत प्लगची बारीक फट ओलांडायला थोडे व्होल्टेज पुरते. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या मिश्रणात तीच फट ओलांडायला कितीतरी अधिक लागते. फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि सीडीआयच्या मशीनसाठी ती साधारण ११ मिलिमीटर ठेवा. दोन्ही प्लग काढून, इंधनाची नळी सोडवून, टेस्टर प्लगच्या भोकांपासून दूर ठेवून दोरी जोरात ओढा. एक पथ्य कटाक्षाने पाळा : प्लगची टोपी मोकळी लोंबत ठेवून मशीन कधीही फिरवू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलचे इन्सुलेशन फोडून स्वतःची वाट काढते आणि नवा दोष तयार होतो.

शेवटी एक विचारतो. मे महिन्यात त्रास सुरू होण्याच्या सुमारास पंखा कशात अडकून मशीन एकदम थांबले होते का?

हर्णै बंदर

फिटरकाकांचे म्हणणे बरोबर आहे, पण मी आधी अर्थच्या तारांकडे बोट दाखवीन. आमच्या बंदरात मशीन दिवसभर खाऱ्या तुषारांत असते आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली जाते ती फक्त पाण्याची आतली वाट. वरचे झाकण काढून विजेची जोडणी कोणी पुसत नाही. कॉइलचा अर्थ जिथे बोल्टखाली दाबलेला असतो तिथे हिरवट क्षार धरतो, तार वरून चांगली दिसते आणि आतले तांबे काळे पडून पीठ झालेले असते. प्रत्येक अर्थ काढून, पॉलिश पेपरने धातू उघडा करून, पुन्हा घट्ट बसवा आणि वरून पातळ ग्रीस लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे याहून जुनी, पॉइंट (कॅमने उघडझाप होणारे विजेचे संपर्क) आणि कंडेन्सरची मशीन आहेत त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो, कारण हा धागा तेही वाचतील. पॉइंटची फट बहुतेक जुन्या मशीनमध्ये सुमारे ०.५ मिलिमीटर असते आणि ती केवळ ठिणगीच्या जोरासाठी नसते. तिच्यावरच वेळही ठरते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा झिजून फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. त्यामुळे दोन सिलिंडरच्या दोन पॉइंटमध्ये थोडा जरी फरक राहिला तरी एक सिलिंडर दुसऱ्याच्या आधी किंवा नंतर पेटतो आणि मशीन लंगडते. पॉइंट कानशीने घासून वापरण्यापेक्षा नवे घालावेत, आणि फिलर गेजला लागलेले तेल पॉइंटवर राहू देऊ नये, कारण ते जळून थर धरते.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांना वेगळे सांगणे आहे. रॉकेलची नॉकिंग सहन करण्याची ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी असते. रॉकेलसाठी बनवलेल्या मशीनचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते. पेट्रोलच्या मशीनमध्ये ते ओतले तर टायमिंग अचूक असूनही नॉकिंग होते आणि मग दोष उगाच इग्निशनमध्ये शोधला जातो. कर्लीकाठ यांनी शुद्ध पेट्रोल लिहिले आहे, तेव्हा त्यांना हे लागू नाही.

तारवाला

माझे काम विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे आहे. होडीची मशीन त्या निमित्ताने हातात येतात. तापल्यावर जाणाऱ्या सिलिंडरबद्दल लिहितो.

खालच्या सिलिंडरची ठिणगी जाण्याची कारणे चार ठिकाणी असू शकतात : त्याची पल्सर कॉइल, डब्याचा त्या बाजूचा भाग, त्याची इग्निशन कॉइल, आणि प्लगची वायर किंवा टोपी. चार्जिंग कॉइल दोन्ही सिलिंडरना सामाईक आहे आणि वरचा सिलिंडर चालू राहतो, त्यामुळे तिच्यावर संशय घेण्याचे कारण तूर्त नाही. सर्वांत स्वस्त परीक्षा अदलाबदलीची आहे. दोन्ही इग्निशन कॉइल सारख्याच असतील तर त्या प्रत्यक्ष जागेवरून काढून एकमेकींच्या जागी बसवा आणि मशीन तापेपर्यंत चालवा. बंद पडणारा सिलिंडर आता वरचा झाला तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या वायरमध्ये आहे. खालचाच राहिला तर दोष त्याच्या मागे, डब्यात किंवा पल्सरमध्ये आहे. फक्त डब्याकडून येणाऱ्या तारा उलटसुलट करू नका, कारण दोन सिलिंडर अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने पेटतात आणि तारा बदलल्या तर ठिणगी पिस्टन खाली असताना पडेल.

मल्टिमीटरने कॉइलचा ओहम मोजणाऱ्यांनी तापमानाचा हिशेब ठेवला पाहिजे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी ३० अंशांना ३०० ओहम दाखवणारी चांगली कॉइल ७० अंशांना साधारण ३४७ ओहम दाखवेल, आणि त्यात काहीही बिघाड नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने कॉइल हळूहळू तापवत आकडा पाहत राहावे. तो सावकाश चढत गेला तर कॉइलचे वेटोळे शाबूत आहे. मध्येच उडी मारून अनंताकडे गेला किंवा अचानक खाली कोसळला तर आतली तार तुटकी आहे किंवा वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत. मात्र ओहम बरोबर आला म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर कॉइलला जेमतेम एक-दोन व्होल्ट देतो, आणि काही हजार व्होल्टला फुटणारे इन्सुलेशन तेवढ्या व्होल्टेजला पूर्ण निरोगी दिसते.

डब्यात येणारे-जाणारे व्होल्टेज मोजायचे असेल तर साध्या मल्टिमीटरचा उपयोग नाही. ती स्पंदने इतकी अल्पकाळ टिकतात की मीटर त्यांची सरासरी काढून भलताच आकडा दाखवतो. त्यासाठी शिखर-व्होल्टेज धरून ठेवणारा अडॅप्टर मिळतो, तो वापरावा. कपॅसिटरमधले तीनशे व्होल्ट माणसाला गंभीर इजा करू शकतात, आणि ओल्या होडीत उभे राहून हे मोजमाप करणे मी कोणालाही सुचवणार नाही. मशीन अंगणात स्टँडवर लावून, कोरड्या हातांनी करावे.

कर्लीकाठ

सर्वांचे आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने काम केले.

स्टॉपची तार सोडवून पाहिली, काही फरक नाही. सर्व अर्थ उघडून साफ केले. एका जोडणीत हर्णै बंदर यांनी वर्णन केले तसा हिरवा क्षार खरोखरच होता, पण लक्षणे बदलली नाहीत. थंड मशीनवर ११ मिलिमीटरच्या फटीत दोन्ही सिलिंडरची ठिणगी कडकडीत पडते. मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून तापवले, तेव्हा वरची ठिणगी तशीच राहिली आणि खालची मलूल होऊन मधून मधून गायब होऊ लागली.

फिटरकाका, आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मे महिन्यात उधाणाच्या ओहोटीला संगमाबाहेर पडताना सोडून दिलेल्या जाळ्याचा मोठा तुकडा पंख्यात गुंडाळला गेला आणि मशीन भर वेगात जागच्या जागी थांबले. जाळे कापून काढल्यावर ते सुरू झाले, म्हणून त्या प्रसंगाचा इग्निशनशी संबंध असेल असे वाटले नव्हते. पण टायमिंग लाइटखाली खूण आजही अगदी बरोबर अंशावर दिसते. मग वेळ चुकलेली कशी असेल?

जुना फिटर

याच प्रश्नावर बहुतेक जण अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसते. त्याला घट्ट धरण्याचे काम तो निमुळता भाग आणि वरचे नट करतात. मधली छोटी चावी फ्लायव्हील कोणत्या कोनात बसावे एवढेच ठरवते. मशीन भर वेगात एकदम थांबले की क्रँकशाफ्ट थांबतो, पण जड फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. नट थोडे सैल असेल किंवा निमुळत्या भागावर गंज असेल तर ते किंचित पुढे सरकते आणि चावी अर्धी कापली जाते. चावी पूर्ण तुटली तर मशीन सुरूच होत नाही आणि दोष लगेच सापडतो. अर्धी कापली गेली तर मशीन चालत राहते आणि माणूस डबे बदलत बसतो.

आता टायमिंग लाइटकडे या. लाइट प्लगच्या वायरवरून ठिणगीचा क्षण ओळखते आणि त्या क्षणी फ्लायव्हीलवरची खूण उजळते. पण ठिणगीचा क्षण ठरवणारे चुंबकही त्याच फ्लायव्हीलमध्ये आहेत. फ्लायव्हील शाफ्टवर सरकले तर खूण आणि चुंबक दोन्ही बरोबरच सरकतात, त्यांच्यातले अंतर तसेच राहते आणि लाइटखाली सर्व काही यथास्थित दिसते. बदललेले असते ते पिस्टनशी असलेले नाते, आणि ते या लाइटला दिसू शकत नाही. लाइट खोटे बोलत नाही. ती फ्लायव्हीलची वेळ सांगते आणि आपण ती पिस्टनची समजतो. म्हणून जुन्या मशीनवर लाइट लावण्याआधी खूण खरी आहे का, हे पिस्टनकडूनच वदवून घ्यावे लागते.

कृती अशी. दोन्ही प्लग काढा. वरचा सिलिंडर हा पहिला क्रमांक. त्याच्या प्लगच्या भोकात पिस्टनला मध्येच अडवणारा थांबा बसवा. जुन्या प्लगमधले चिनीमातीचे अंग काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवला तर चांगला थांबा तयार होतो. फ्लायव्हील हाताने सावकाश सरळ दिशेला फिरवा, पिस्टन थांब्याला टेकला की पॉइंटरसमोर फ्लायव्हीलवर पेन्सिलने रेघ मारा. मग उलट्या दिशेने फिरवून तो पुन्हा टेकला की दुसरी रेघ मारा. या दोन रेघांचा मध्य हीच पिस्टन सर्वांत वर असण्याची खरी जागा, म्हणजे टीडीसी. नुसता स्क्रूड्रायव्हर भोकात घालून पिस्टन कधी सर्वांत वर आला याचा अंदाज करू नये, कारण त्या टोकाला क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. दोरी कोंबून पिस्टन अडवण्याची जी पद्धत आहे ती टू-स्ट्रोकला टाळावी. दोरीचे टोक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांत, सापडून कापले जाते.

मग तुमचा मध्य आणि कारखान्याची टीडीसीची खूण यांतले अंतर कडेवर मोजा. फ्लायव्हीलचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर कडेवर एक अंश म्हणजे साधारण १.७५ मिलिमीटर. बोल्ट पिस्टनवर आपटू देऊ नका, पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे.

दाभोळ खाडी

मी वाचक म्हणून या धाग्यावर आहे, माझेही मशीन जवळपास याच वयाचे आहे. एक शंका विचारतो. फ्लायव्हील पुढे सरकले असे निघाले, तर ते न काढता पल्सर जिच्यावर बसवलेला असतो ती प्लेट तेवढीच मागे घेऊन टायमिंग जुळवता येणार नाही का? आमच्याकडे पुलर (फ्लायव्हील ओढून काढण्याचे अवजार) नाही आणि दाभोळला तो लगेच मिळेल असेही नाही.

जुना फिटर

दाभोळ खाडी, तसे करू नये. अर्धी कापलेली चावी फ्लायव्हीलला धरून ठेवू शकत नाही आणि सरकलेला निमुळता भागही पुन्हा सरकण्याचाच. आज जुळवलेली वेळ उद्या समुद्रात चुकेल, आणि मतलई वाऱ्यावर बाहेर गेलेली होडी दुपारी खाऱ्या वाऱ्यात परत आणायची असताना चुकेल. शिवाय प्लेटची हालचाल थ्रॉटलच्या कॅमशी बांधलेली असते. प्लेट मागे घेतली तर कार्बुरेटर उघडण्याची वेळही बिघडते. पुलर मिळेपर्यंत थांबावे. फ्लायव्हीलच्या माथ्यावर आटे पाडलेली तीन भोके असतात, त्यांत बोल्ट धरणारा पुलरच वापरावा. कडेला नखे अडकवून ओढणाऱ्या पुलरने फ्लायव्हील वाकते, आणि शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे आणि आतले बेअरिंग दोन्ही धोक्यात येतात.

कर्लीकाठ

मोजले. खरा मध्य आणि कारखान्याची खूण यांत १४ मिलिमीटरचे अंतर निघाले, आणि आमच्या फ्लायव्हीलचा व्यास २०० मिलिमीटरच आहे, म्हणजे ८ अंश. पिस्टन सर्वांत वर असताना खूण फिरण्याच्या दिशेने पॉइंटरच्या पुढे गेलेली असते, तेव्हा ठिणगी तेवढी लवकर पडत होती.

मालवणहून पुलर आणून फ्लायव्हील काढले. चावीवर मधोमध पायरी पडलेली आहे, पण तिचे दोन तुकडे झालेले नाहीत. शाफ्टच्या निमुळत्या भागावर तांबूस गंजाचे पट्टे आहेत आणि फ्लायव्हीलच्या आतही तसेच डाग आहेत. चुंबक हलवून पाहिले, ते घट्ट आहेत. आता बसवताना काय काळजी घ्यावी?

जुना फिटर

पायरी किती लहान दिसते ते पाहा. शाफ्टचा व्यास तिथे २० मिलिमीटर धरला तर ८ अंश म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर. पण आत त्याचा परिणाम मोठा होतो. पिस्टनचा स्ट्रोक ६० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १२० मिलिमीटर असलेले इंजिन उदाहरणादाखल घेतले, तर २५ अंश आधी पिस्टन माथ्यापासून सुमारे ३.५ मिलिमीटर खाली असतो. ३३ अंशांना तो जवळजवळ ६ मिलिमीटर खाली असतो. वर येणाऱ्या पिस्टनला इतक्या लवकर जळणाऱ्या वायूचा मार बसतो. सुरू करताना तोच मार उलटा झटका म्हणून तुमच्या हाताला लागतो, आणि वरच्या वेगात नॉकिंग होऊन पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. तुम्ही मशीन वेळेत उघडलेत.

निमुळत्या भागावरचा गंज बारीक लॅपिंग पेस्टने काढता येतो. चावी काढून, दोन्ही पृष्ठभागांना पेस्ट लावून फ्लायव्हील हलक्या हाताने थोडे थोडे मागेपुढे फिरवावे, सगळीकडे सारखा राखाडी रंग आला की थांबावे. पेस्टचा कणही आत राहू देऊ नये, म्हणून स्टेटर (फ्लायव्हीलखालच्या कॉइलचा संच) आधी कापडाने झाकून घ्यावा. मग दोन्ही भाग थिनरने पुसून पूर्ण कोरडे करावेत. इथे ग्रीस किंवा ऑइल लावू नये; खाऱ्या हवेच्या भीतीने अनेक जण लावतात, पण निमुळत्या जोडाची पकड कोरड्या धातूवरच येते.

चावी त्याच मशीनची मूळ मापाची आणावी, लोखंडाच्या तुकड्यातून घासून केलेली बसवू नये. नट टॉर्क पान्यानेच आवळावे. तो आकडा मशीनगणिक बदलतो : ९.९ हॉर्सपॉवरच्या काही मशीनना तो ६० ते ७० न्यूटन-मीटर आहे, तर ४० हॉर्सपॉवरच्या काहींना त्याच्या दुप्पट. तुमच्या पुस्तिकेत दिलेला आकडा तोच खरा धरा.

फ्लायव्हील बसल्यावर टीडीसी पुन्हा थांब्याने तपासा, आणि त्यानंतरच थ्रॉटल व टायमिंगचा मेळ पाहा. टिलर (थ्रॉटलची मूठ असलेला दांडा) फिरवला की आधी प्लेट फिरून टायमिंग पुढे जाऊ लागते, मग कॅम कार्बुरेटरच्या रोलरला त्याच्या खुणेवर भेटतो आणि तिथून झडप उघडू लागते. रोलर खुणेच्या आधीच भेटत असेल तर हवा-इंधन लवकर येते आणि ठिणगी मागे राहते, मशीन उचलताना घुटमळते. पूर्ण थ्रॉटलला प्लेट थांब्याच्या स्क्रूला टेकली पाहिजे आणि कार्बुरेटर त्याच वेळी पूर्ण उघडा हवा. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये दांड्यांच्या टोकाच्या प्लास्टिकच्या वाट्या झिजलेल्या असतात. त्या ढिल्या असतील तर कोणतीही जुळणी टिकत नाही.

पूर्ण थ्रॉटलचे टायमिंग अंगणात, मशीनच्या पाणी घेण्याच्या भोकांना नळीचे पाणी लावून, तपासू नका. भाराविना मशीन बेफाम फिरते. खाडीत भरती पूर्ण झाली असताना, पाणी स्थिर असताना होडी धक्क्याला पुढून-मागून बांधा, पंखा पाण्यात ठेवून एकाने थ्रॉटल सांभाळावा आणि दुसऱ्याने लाइट धरावी. सैल बाही, पंचा, गळ्यातली दोरी काहीही उघड्या फ्लायव्हीलजवळ येऊ देऊ नये.

तारवाला

टायमिंग सुटले, पण तापल्यावर खालचा सिलिंडर जाण्याचे कारण अजून बाकी आहे, ते विसरू नका. फ्लायव्हील बाहेर असतानाच पल्सर आणि चार्जिंग कॉइलकडे बारकाईने पाहा. त्यांच्यावरचे आवरण तडकलेले आहे का, त्यातून डिंकासारखा द्रव ओघळला आहे का, आणि प्लेट फिरताना तारा कुठे घासल्या जातात का. प्लेट टिलरबरोबर सतत मागेपुढे होते, त्यामुळे तिच्या तारा वळणाच्या जागी आतून तुटतात आणि बाहेरचे रबर शाबूत राहते. ओहम मोजत असताना तारा हाताने वाकवून पाहा. त्यानंतर इग्निशन कॉइलची अदलाबदल करा.

कर्लीकाठ

फ्लायव्हील नव्या चावीवर बसवले, टीडीसीची खूण आता थांब्याने काढलेल्या मध्याशी जुळते. उलटा झटका थांबला आहे. धक्क्याला बांधून पूर्ण थ्रॉटल दिला, नॉकिंग नाही, आणि लाइटखाली अंश पुस्तिकेप्रमाणे येतो. रोलर खुणेच्या किंचित आधी भेटत होता, तो जुळवून घेतला. आता मशीन खालून वर एकसारखे उचलते.

पल्सरच्या तारा वाकवूनही आकडा स्थिर राहिला. मग इग्निशन कॉइल एकमेकींच्या जागी बसवून मशीन तापवले, तेव्हा वरचा सिलिंडर बंद पडू लागला आणि खालचा चालत राहिला. तारवाला यांनी सांगितल्याप्रमाणे दोष कॉइलबरोबर वर गेला. अंधार पडल्यावर झाकण काढून पाहिले तर त्या कॉइलच्या अंगावरून बोल्टकडे बारीक निळी रेघ उडताना दिसली. गंमत म्हणजे तिचा ओहम थंड आणि गरम दोन्ही वेळा योग्य मर्यादेत होता. नवी कॉइल, तिची वायर आणि टोपी घातली. त्यानंतर देवबाग ते मालवण जाऊन-येऊन दोन्ही सिलिंडर शेवटपर्यंत चालले. सीडीआयचा डबा मूळचाच आहे.

दाभोळ खाडी

अभिनंदन. माझ्या मशीनवर हीच तपासणी सुरू करणार आहे. प्लगबाबत एक विचारून घेतो. इथल्या दुकानात एनजीके बी७एचएस मिळतो, पण माझ्या मशीनमधला जुना प्लग चॅम्पियनचा आहे. क्रमांकावरून जवळचा निवडला तर चालेल का?

जुना फिटर

क्रमांक पाहून निवडू नका, दोन्ही कंपन्यांचे आकडे उलट दिशेने चालतात. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग अधिक थंड, चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की अधिक गरम. पर्यायी क्रमांकाचा तक्ता पाहूनच बदला. गरम प्लग बसला तर टायमिंग बरोबर असूनही त्याचे टोक लाल होऊन मिश्रण ठिणगीआधीच पेटू शकते, आणि तुम्ही पुन्हा वेळ चुकल्याचा शोध घेत बसाल. आटे १४ मिलिमीटरचे आणि त्यांची लांबी १२.७ मिलिमीटर असल्याची खात्री करा. लांब आट्यांचा प्लग पिस्टनला लागतो. मूळ प्लग रेझिस्टरचा असेल तर बीआर७एचएस घ्या.

कर्लीकाठ, पहिल्या काही फेऱ्यांनंतर मशीन पूर्ण थंड असताना फ्लायव्हीलच्या नटचा टॉर्क एकदा पुन्हा तपासा. नट आणि फ्लायव्हील यांवर आडवी रंगाची एक रेघ मारून ठेवलीत, तर ते सैल होऊ लागल्याचे झाकण काढताच दिसेल.